पहिली खुर्ची, डावा पाय

चर्चमधल्या पाय धुण्याच्या विधीत पहिली खुर्ची मिळाली तर दोघा वेल्डर भावांतल्या थोरल्याचा फायदा तिहेरी होता. सगळं चर्च त्याला बघणार, बायको आठवडाभर खूश राहणार आणि मागच्या बाकावरचा धाकटा भाऊ जळणार. तिसरा फायदा त्याने बायकोला सांगितला नव्हता. तिला तो आधीच माहीत होता.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून वर्षातून एकदा फादर बारा जणांचा उजवा पाय धूत. फक्त उजवा. म्हणून थोरल्याने घरून उजवाच घासूनपुसून, नवा मोजा चढवून आणला. डाव्याला कोण विचारतंय? शिवाय त्याची दोन बोटं वाकडी होती. वर्कशॉपमध्ये धाकट्याच्या हातून लोखंडी अँगल निसटून त्यावर पडला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. 'मुद्दाम पाडला,' असं थोरला भेटेल त्याला सांगे, आणि लोक हळहळले की त्याला बरं वाटे.

ऐन वेळी बारावा माणूस तापाने आला नाही. चर्चच्या सेवकाने मागच्या बाकावरून हाताला लागला तो उचलून आणला: धाकटा! त्यात पहिल्याच खुर्चीपुढे, म्हणजे थोरल्यापुढे, वाकताना फादरांची कंबर धरली.

"आता तुम्हीच धुवा रे," फादर कण्हत म्हणाले. "प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याचा."

थोरल्याने दुसऱ्या खुर्चीवरच्या बेकरीवाल्याचा पाय ऐटीत धुतला. धुणाऱ्याचं काय जातं? उलट माणूस मोठा दिसतो. पाळी पुढे सरकत गेली आणि मग त्याला घाम फुटला. खुर्च्या गोलात होत्या; बाराव्याचा शेजारी म्हणजे पुन्हा पहिलाच.

धाकटा पाणी घेऊन समोर बसला.

"डावा दे."

"उजवाच धुतात. रीत आहे."

"रीत फादरांची. मी वेल्डर आहे."

"अरे, लोक बघतायत!"

"मग लवकर दे."

थोरल्याने आशेने फादरांकडे पाहिलं. "प्रभूने दोन्ही धुतले असणार," फादर म्हणाले. "एकावर मी आणलं, वेळ वाचतो म्हणून."

मोजा निघाला. वास पहिल्या बाकापर्यंत गेला, पाणी काळं झालं. धाकट्याने वाकडी बोटं तळहातात धरली, ती सोडेचना.

"दुखतात?"

"थंडीत."

"मुद्दाम नव्हतं रे, दादा."

"माहितेय," थोरला पुटपुटला. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

दादाच्या तळव्याला गुदगुल्या होतात हे धाकट्याला पाळण्यापासून ठाऊक. त्याने हळूच बोट फिरवलं. थोरला असा खिंकाळला की बायकोने कपाळावर हात मारला आणि अख्खं चर्च हसलं.

फादरांनी प्रवचनाचा कागद घडी करून खिशात घातला. "माणसाला हात लावता यावा म्हणून देव माणूस झाला, एवढंच सांगायचं होतं. बसा."

जमाखर्च मांडायचा तर फादरांची कंबर आठवडाभर धरलेली राहिली आणि धाकट्याचे गुडघे दोन दिवस. थोरल्याची मात्र इतकी जपलेली तक्रार कायमची गेली. सगळ्यात जबर किंमत त्यानेच मोजली, आणि घरी जाताना सगळ्यात मोठ्याने तोच बोलत होता, धाकट्याच्या खांद्यावर सगळा भार टाकून.