तिसऱ्या सिलिंडरची तक्रार

“या डबीले का समजते इंजिनाचं!” कृष्णराव मिस्त्री मला हातात धरूनच पुटपुटले. पवनीत माझं स्वागत झालं ते असं.

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे माझी पिन बसवली की गाडी आपलं दुखणं मला कोडमध्ये सांगते. दूरच्या कुठल्याशा कारखान्यात माझ्यासारखे हजारो एकाच दिवशी जन्मले, त्यामुळे वाढदिवसाचा तोरा मला नाही. मला गॅरेजमध्ये आणलं मिस्त्रींच्या मुलीने, अंजूने. पहिला महिनाभर लोक मला बघायला येत; एकाने तर नमस्कारही केला. मग वायरीला काळी चिकटपट्टी लागली, काचेवर ओरखडे आले आणि मला एकच काम उरलं. गाडीत पिवळा दिवा लागला की मिस्त्री माझं बटण दाबून कोड पुसत. दिवा विझे. दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं, असं गिऱ्हाइकाला वाटे. मला खरं ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे?

सेवकरामभाऊंच्या गाडीचा दिवा मी असा तीनदा विझवला. त्याच गाडीतून ते बायकोला, रुखमिणीबाईंना, आठवड्यातून दोनदा नागपूरला डायलिसिसला नेत. चौथ्यांदा दिवा लागला तो गाडी भिवापूरच्या पुढे बंदच पडली आणि त्या दिवसाचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. गाडी ट्रॅक्टरला बांधून दोघं थेट आमच्या दारात आले. रुखमिणीबाईंचे पाय सुजले होते.

“मिस्त्रीजी, उद्या नाई पोचलो तं...” सेवकरामभाऊंनी बायकोच्या पायांकडे पाहिलं.

गाडी कशीबशी सुरू झाली, धापा टाकत. मिस्त्रींनी लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानावर ठेवली. अख्खी पवनी या कानाला मानायची.

“आवाज बरोबर आहे,” ते म्हणाले.

इंजिनातून फुस्स फुस्स येत होतं. मागच्या सीटवर बसलेल्या रुखमिणीबाईंनाही ते ऐकू येत होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने टायरकडे.

अंजूने मला लावलं. तिसरं सिलिंडर पेट घेत नाही, मी सांगितलं. मिस्त्रींचं बोट सवयीने पुसायच्या बटणाकडे आलं, तशी अंजूने मला पाठीमागे लपवलं.

“बाबा, आज पुसाचं नाई!”

तिने तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी देणारी कॉइल दुसऱ्यावर लावली, दुसऱ्याची तिसऱ्यावर, आणि मला पुन्हा विचारलं. कॉइल खराब असती तर दुखणं तिच्यासोबत दुसऱ्यावर गेलं असतं. मी पुन्हा तीनच म्हणालो. इतक्या वर्षांत कुणी मला दोनदा विचारलं नव्हतं! मी फक्त जागा दाखवतो, मित्रांनो. कारण माणसालाच शोधावं लागतं.

मग अंजूने बापाचा हात धरला आणि तिसऱ्याजवळच्या रबरी नळीखाली नेला. नळी तिथून जास्तीची हवा आत ओढत होती, म्हणून तिसरं पेट घेत नव्हतं. मिस्त्रींचा अंगठा तिथे चिकटला आणि इंजिनाची धाप एकदम थांबली.

“अरे, उंदरानं कुरतडली ना हे!” मिस्त्री ओरडले. “गाडी धानाच्या पोत्यांजवळ ठेवतोस का, सेवकराम?”

“मंग का देवघरात ठेवू?”

रुखमिणीबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

नवी नळी बसली. वैनगंगेच्या पुलापर्यंत दोन चकरा झाल्या. दिवा आपसूक विझला. माझा पडदा कोरा राहिला, आणि तो न पुसता कोरा होता! मी एवढा मिरवलो की चिकटपट्टी सुटते की काय वाटलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून परतताना गाडी आमच्या दारात थांबली. रुखमिणीबाई कुणाचा हात न धरता उतरल्या.

मित्रांनो, तुमच्या गाडीत पिवळा दिवा लागला तर तो नुसता विझवून घेऊ नका. का लागला ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दम धरा.

“मिस्त्रीजी, तुमचा कान म्हणजे कान!” सेवकरामभाऊ ओरडून म्हणाले. मिस्त्रींशी हल्ली सगळेच ओरडून बोलत. अंजू खाली मान घालून फडक्याने हात पुसू लागली.

मिस्त्रींनी मला तिच्या हातात दिलं.

“कान गेला ना बापा,” ते म्हणाले. “दोन वर्सं झाले. इंजिनातलं मले काईच ऐकू येत नाई.”