दोन चालक आणि माझ्या चार घंटा

मित्रांनो, पाळणाघराच्या कपाटावर खेळण्यांच्या टोपलीशेजारी जो काळा, जड आणि तबकडीचा टेलिफोन दिसतो, तो मी. आता माझी वायर कुठेच जोडलेली नाही. पण एके काळी या घरात कोणाला कामावर घ्यायचे आणि कोणाला नाही, हे माझ्याशिवाय ठरत नसे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला कोणी लगेच बाहेर सोडले नाही. एका तपासनीस बाईंनी माझी तबकडी शंभर वेळा फिरवली, घंटा वाजवून पाहिली आणि माझ्या तोंडाशी "एक, दोन, तीन" म्हणून पलीकडे ऐकू जाते का, याची खात्री केली. मगच माझ्या पोटावर शिक्का बसला. तेव्हा मला त्या तपासणीचा रागच आला होता.

पुढे मी या पाळणाघरात आलो. ते चालवणाऱ्या बाई फार चौकस होत्या. मला तर त्यांचा स्वभाव फारच आवडला, कारण मीही तसाच. पलीकडचा माणूस काय बोलतो, त्यापेक्षा कुठे अडखळतो, हे ऐकायला मला मजा वाटे. त्यांच्या हाताखाली एक कारकून होते. चप्पल घालता घालताच ते चालू लागत, म्हणून मुले त्यांना घाईकाका म्हणत.

एकदा पाळणाघराच्या गाडीचे जुने चालक डोळ्यांच्या त्रासामुळे काम सोडून गेले. दोन दिवस गाडी जागेवरच उभी. आईवडील मुलांना कडेवर घेऊन, धापा टाकत येऊ लागले. जाहिरात दिली, तेव्हा दोन माणसे आली. पहिला इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा. त्याच्या हातात एका शाळेचे शिफारसपत्र होते. दुसरा उंच, अबोल. त्याच्याकडे परवाना होता, पण शेवटच्या नोकरीचे पत्र नव्हते.

"बाई, पहिल्यालाच घेऊन टाका. उद्यापासून गाडी सुरू!" घाईकाका म्हणाले.

"आधी विचारून तर पाहू," बाई म्हणाल्या. त्यांनी दोघांनाही समोर बसवून सांगितले, "तुमच्या जुन्या ठिकाणी मी फोन करणार आहे. चालेल ना?" दोघेही हो म्हणाले. पहिला जरा मोठ्याने म्हणाला.

दोघे गेल्यावर बाईंनी पहिल्याच्या पत्रावरचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजली.

"फार गुणी माणूस!" पलीकडचा आवाज म्हणाला. "डोळे मिटून घ्या."

"तुमची शाळा कितवीपर्यंत आहे हो?" बाईंनी सहज विचारले.

"अं... म्हणजे..." पलीकडचा आवाज अडखळला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडले, "शेठ, डबा पिवळ्या रंगाचा देऊ की हिरव्या?"

मित्रांनो, मला हसू आवरेना. ते रंगाचे दुकान होते! बाईंनी माझा रिसीव्हर खाली ठेवला, डिरेक्टरी उघडली, त्या शाळेचा खरा नंबर शोधला आणि पुन्हा तबकडी फिरवली. या वेळी मात्र हसण्यासारखे काही नव्हते. "तो आमच्याकडे चारच महिने होता," शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या. "भर उन्हात तीन मुलांना गाडीत कोंडून हा आपल्या कामाला गेला. शेजाऱ्यांनी काच फोडली म्हणून मुलं वाचली. आम्ही कसलंही पत्र दिलेलं नाही."

घाईकाका खुर्चीत बसले. मी त्यांना बसलेले पहिल्यांदाच पाहत होतो.

मग तिसरी घंटा, उंच चालकाच्या जुन्या मालकाकडे. "त्याला मी काढलं," मालक तुटकपणे म्हणाले. "उद्धट आहे. सांगितलं तरी गाडी काढत नाही."

"का काढत नाही?"

खट्! फोन बंद झाला.

"संपलं. दोघेही बाद," घाईकाका हळूच म्हणाले.

पण बाईंच्या कपाळावर ती ओळखीची आठी उमटली होती. त्यांनी उंच चालकाला पुन्हा बोलावून घेतले आणि जे ऐकले ते जसेच्या तसे त्याला सांगितले. "आता तुमचं म्हणणं ऐकते," त्या म्हणाल्या.

तो खाली पाहत म्हणाला, "बाई, ब्रेक नीट लागत नव्हते. गाडीत अठरा मुलं. मी किल्ली मालकांच्या टेबलावर ठेवली. हे आजवर मला कोणी विचारलंच नाही. काढलंय म्हटलं की लोक दारातूनच परत पाठवतात."

"कोणाला माहीत आहे हे?"

"गॅरेजवाल्या मेस्त्रींना."

चौथी घंटा. मेस्त्रींच्या मागे हातोड्याचा ठणठणाट चालू होता. "तीनदा गाडी घेऊन आला होता बिचारा," ते ओरडून म्हणाले. "मी लिहूनही दिलं, ब्रेक बदला म्हणून. मालक म्हणायचे, पुढे बघू." मग ठणठणाट थांबला. "तुम्ही त्याला कामावर घेताय का? मग माझ्या नातीचं नाव तुमच्याकडे घालतो."

माझ्या तारेतून पुष्कळ शिफारशी गेल्या, पण असली शिफारस मी पुन्हा ऐकली नाही. बाईंनी मान वर केली आणि समोरच्या उंच माणसाला त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला या. आधी गाडी तपासा, मगच मुलांना बसवा." त्याने रुमाल काढला आणि नाक शिंकरल्याचे निमित्त केले.

चौदा वर्षे त्याने ती गाडी चालवली. मेस्त्रींची नात त्याच्या मागच्या सीटवर बसून मोठी झाली. पालक बाईंचे कौतुक करत, तेव्हा बाई माझ्यावर बोटांनी टकटक करत.

पुढे बाई थकल्या, घरी बसल्या. खिशात मावणारे फोन आले आणि माझी वायर काढली गेली. कधीमधी कोणी धूळ पुसते, नाहीतर नाही. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. इथे आता माणसे झटपट नेमली जातात. छान छापलेला कागद पाहिला की सही होते.

म्हणून, मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि कोणाच्या हाती आपली मुले, आपली म्हातारी माणसे सोपवाल, तेव्हा विचारा. त्या माणसाला सांगून, उघडपणे विचारा. त्याच्याविषयी वाईट कानावर आले, तर त्यालाही बोलू द्या. चौकशीमुळे एखादा खोटा माणूस दारातच थांबतो, हे खरे. पण एखाद्या खऱ्या माणसाला दार उघडते, तेही चौकशीमुळेच.

काल एका चिमुरडीने मला खाली उतरवून घेतले. रिसीव्हर कानाला लावून ती म्हणाली, "हॅलो, कोण बोलतंय?" माझ्यात आवाज कुठला असायला? तरी ती रिसीव्हर ठेवीना. डोळे मोठे करून, श्वास रोखून, उत्तराची वाट पाहत ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.