एक्केचाळीसपैकी तीन

जो खेळ लोक चाळीस तास चघळतात, तो दोन तासांत उरकायचा, याला स्पीडरन म्हणतात. आणि हे करणाऱ्याला घरचे येडा म्हणतात. म्हणू देत. माझा राग घरच्यांवर नाही, एकट्या ताईवर आहे.

खेळ राक्षस पकडायचा. पकडा, पाळा, लढवा, शेवटी राजाला हरवा. सगळ्या जगाने अग्निराक्षस घेऊन पळून पाहिलं. विक्रम 'चष्मा' या टोपणनावाने खेळणाऱ्या एकाच्या नावावर आहे: एक तास अठ्ठावन्न मिनिटं चाळीस सेकंद. चष्मा म्हणजे या खेळाचा स्वयंघोषित शंकराचार्य. मी आठ महिने खपून वेगळी वाट आखली, ती त्याला पाठवली, तर उत्तर आलं, "कागदावर छान आहे, दादा."

कागदावर! माझ्या उजव्या अंगठ्याची शीर लिफ्टच्या दारात तुटली नसती तर दाखवलं असतं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आता अंगठा वाकत नाही. बटणं दाबायला उरली ताई. अठरा वर्षं वॉर्डात नर्स, हात यंत्रासारखा चालतो, आणि सांगितलं तेवढंच करते. असं मला वाटत होतं.

वाट ऐका, कारण ती सुंदर आहे आणि मी लाजणार नाही. पहिल्या दलदलीत एक पाल मिळते. रडकी, मरतुकडी, कुणी ढुंकून बघत नाही. पण तिचा जीव चौथाईच्या खाली गेला की तिचा तडाखा दुप्पट होतो. म्हणून खाणीच्या पहारेकऱ्याकडून तिला एकदाच मार खाऊ द्यायचा. एक्केचाळीसपैकी तीन जीव उरतो. तिथून राजापर्यंत पाऊण तास ती त्या तीनवरच चालते. सगळ्यांच्या आधी वार करते, समोरचा एका वारात आडवा. दुसरा मार खायची वेळच येत नाही. नाव ठेवायचं एकच अक्षर, 'क', कारण लांब नाव पडद्यावर उमटायला वेळ जातो. ताई तिला "बाळा" म्हणायची. तोंडाने म्हण, म्हटलं, खेळात लिहू नकोस.

महिनाभर रोज दुपारी सराव केला. आवाज बंद ठेवून, कारण भिंतीपलीकडे आई झोपते. ताईची एक चूक नाही. रविवारी आईला मावशीकडे पाठवलं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आवाज चालू केला. पंचांचा नियम आहे, आवाजाशिवाय विक्रम धरत नाहीत.

एक तास बारा मिनिटं. पहारेकऱ्याने पालीला हाणलं. तीन जीव. आणि खेळ वाजायला लागला: पीं, पीं, पीं. जीव कमी झाला की तो वाजतो. मला आठ महिने माहीत होतं. ताईला नव्हतं.

ती वळली. रस्त्याच्या डावीकडे उपचारकेंद्र होतं, सरळ आत. मी "अगं!" म्हणेपर्यंत पालीचा जीव भरला. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. आवाज थांबला. ताईने सुस्कारा सोडला.

"काय केलंस तू?"

"वाजत होतं ना ते."

"वाजू दे! वाजायलाच पाहिजे!"

"मला काय माहीत? वाजलं की हात जातो, छोट्या. मी विचार नाही करत."

"कागदावर लाल पेनने लिहिलंय, उपचार नको. लाल!"

"कागद वाजतो का?"

मी उशी भिंतीवर फेकली. ती उठली, पाणी प्यायली, तिची वॉर्डाची पिशवी उघडली आणि कापसाचे दोन बोळे कानात घातले. "रेकॉर्डला आवाज पाहिजे, मला कुठे पाहिजे? लाव परत." आठ महिन्यांत हे मला सुचलं नव्हतं, याचाही राग आला.

तीन वाजता पुन्हा सुरू. पन्नासाव्या मिनिटाला दार वाजलं. शेजारचे काका. "लिफ्ट वर अडकलीय, जरा बघतोस?"

"कुणी आत आहे?"

"नाही."

"मग काका, आज जिना आहे." दार लावलं. अर्धं मिनिट गेलं असेल. परत आलो तर पाल खाणीच्या वाटेला लागलेली. झकास.

मग मार, तीन जीव, आणि पाऊण तास पीं पीं. ताई कापूस घालून निवांत. ऐकत होतो एकटा मी. दहाव्या मिनिटाला दात शिवशिवायला लागले, तिसाव्याला वाटलं आपणच उठावं आणि त्या पालीला उपचारकेंद्रात न्यावं. ही बाई अठरा वर्षं असल्या आवाजाच्या मागे धावते आहे. हे मी तिला सांगितलं नाही. तिला ऐकूही गेलं नसतं.

राजा एका वारात पडला. मी घड्याळ थांबवलं. एक, अठ्ठावन्न, बावन्न.

बारा सेकंद जास्त.

कुठे गेले बारा सेकंद? मी रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. पन्नासाव्या मिनिटाला, मी काकांशी दारात बोलत असताना, ताई गावातल्या दुकानात शिरते. औषधाची एक बाटली घेते. बाहेर येते. चौदा सेकंद.

"हे काय आहे?"

तिने कानातले बोळे काढले. "असू दे म्हटलं जवळ."

"कागदात होतं?"

"नव्हतं. वापरलं का मी? नाही ना? शेवटपर्यंत तीनवर चालवली तिला. पण तीनवर असलेल्याला घेऊन मी रिकाम्या हाताने कुठे जात नाही. तुला जमत असेल."

"चौदा सेकंद, ताई! दोन सेकंदांनी जिंकलो असतो!"

"मग दुसरीकडून काढ चौदा सेकंद. आखणारा तू आहेस ना? मोठा आलास."

ती काकांना लिफ्टचं सांगायला गेली, म्हणजे मलाच जावं लागणार हे सांगायला गेली. मी शिव्या घालत कागद ओढला. डाव्या हाताने लिहितो, अक्षर कोंबडीचे पाय. खाणीच्या आधी एक ओळ घातली: औषध, एक बाटली, वापरायची नाही. मग बसलो पहिल्या दलदलीपासून, चौदा सेकंद शोधत.