पहारेकऱ्यांची शीग

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे आणि मला आता गप्प बसवत नाही. तांदूळ मोजायचं भांडं मी. इतर भांडी म्हातारी झाली की आपलेच गुण गात बसतात. गाऊ देत बापडी! माझ्या हातून जे घडलं ते सांगितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर यायचा नाही.

माझा जन्म कुवेतचा, अम्गऱ्यातल्या एका पत्र्याच्या कारखान्यातला. एसीच्या कामातून उरलेला जस्ती पत्रा जयरामने कापला, गोल वळवला, कडेला पितळी पट्टी ठोकली. जयराम देवगडकडचा, पत्रेकामात एकदम तरबेज. गावाहून आणलेल्या शेराने चार वेळा तांदूळ ओतून त्याने माझं माप नेमकं करून घेतलं आणि म्हणाला, "झाली माझी पायली. आता कोणाक फसवूचा नाय, कोणाक उपाशी ठेवचा नाय."

जलीब अल शुयूखमधल्या एका तीन मजली इमारतीत बारा सडेफटिंग एकाच मेसमध्ये जेवत. बारा गड्यांना रोज एक पायली, तीही शिगोशीग. शीग म्हणजे माझ्या कडेच्या वर चढलेला दाण्यांचा ढीग. आमच्या कोकणात पायलीवरून हात फिरवून शीग पाडणं म्हणजे समोरच्याचा अपमान. जयराम शीग अशी चढवी की बघत राहावं, आणि गडी म्हणत, "हात असावा तर जयरामचा!" मी फुगून जायची.

जयरामची धाकटी बहीण मालन जाब्रियातल्या एका मोठ्या घरी मुलं सांभाळायची. महिन्यातून एका शुक्रवारी ती यायची, माझी पितळी पट्टी चिंचेने लख्ख करायची आणि भावाला दरडावायची, "दादा, ह्या पायलेची रया बघ! तुझा लक्ष खंय असता?" तिच्या हनुवटीवर ठसठशीत तीळ होता. ती हसली की तो तीळही हसायचा.

मग १९९० चा ऑगस्ट उजाडला आणि इराकचे रणगाडे शहरात शिरले. कामं बंद, पगार बंद, दुकानं लुटलेली. चहूकडून आपली माणसं आमच्या इमारतीत येऊ लागली. बाराची दोनशे झाली. अम्मानला नेणाऱ्या बसगाड्या येतील, तिथून विमानाने घरी जाऊ, एवढ्या आशेवर सगळी बसून होती. कारभार चालवायला पाच जणांची समिती नेमली. डॉक्टर लक्ष्मीकांत अध्यक्ष, इस्पितळातल्या सिस्टर प्रभा, कोपऱ्यावरचा किराणावाला अब्बास, पहारेकऱ्यांचा म्होरक्या जयप्रकाश, आणि माप सांभाळतो म्हणून जयराम. आमची महानगरपालिकाच होती ती! दर शुक्रवारी सभा, आणि अर्थसंकल्प तांदळाच्या पोत्यांचा.

मालनचे मालक मुलाबाळांना घेऊन रातोरात सौदीला निघून गेले. तिचा पासपोर्ट त्यांच्या कपाटात कुलूपबंद राहिला आणि ती त्या रिकाम्या घरात एकटी. तिने अब्बासच्या दुकानात फोन केला. "दादा, रस्तो जरा निवळलो की मी निघतंय." त्या दिवसापासून जयरामचा एकच घोष. "माझी भयण येतली." जेवतानाही त्याचे डोळे दाराकडे.

दाराशी जयप्रकाशचे आठ गडी हातात पाइप घेऊन उभे असत. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला त्यांनी जिवावर उदार होऊन राखण केली. दोनदा लुटारू आले, दोन्ही वेळा त्यांनी पिटाळून लावले. पण पुढे पुढे आत येणाऱ्यांकडून ते 'दाराचा हक्क' घेऊ लागले. कुणाचं घड्याळ, कुणाची अंगठी, काहीच नसेल तर सिगारेटचं पाकीट. कुंपणच शेत खाऊ लागलं, मित्रांनो.

त्या शुक्रवारी डॉक्टरांनी यादी वाचली. उरलेली पोती नऊ. इतकी सैपाकाला, इतकी आजाऱ्यांच्या पेजेला, इतकी पहाऱ्याला. तेव्हा प्रभा सिस्टर उभ्या राहिल्या.

"माझी एक मागणी आहे. दाराशी पहारेकऱ्यांजवळ आपली दोन माणसं दिवसभर बसवा. कोण आलं, कुणाला परत पाठवलं, का पाठवलं, सगळं लिहायचं आणि समितीला सांगायचं. त्या दोघांना बाहेर बेकरीपुढच्या रोटीच्या रांगेत उभं राहता येणार नाही, म्हणून त्यांना आठवड्याला पाव पोतं द्या. ते पहाऱ्याच्या वाट्यातून कापा."

"पहाऱ्यावर पहारा?" जयप्रकाश उसळला. "आम्ही काय चोर आहोत, सिस्टर?"

"काल एका बाईच्या कानातलं गेलं, तेव्हा कुठे ती आत आली. तिचा फाटलेला कान मी धुतलाय."

"मुद्दा रास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "तरतूद करायलाच हवी."

अब्बासने मान हलवली. "डॉक्टरसाहेब, उद्या हे आठ जण रुसून बसले तर ही बायकापोरं कोण राखणार? तुम्ही? आधी जीव वाचवू, मग चौकश्या."

दोन मतं इकडे, दोन तिकडे. सगळे जयरामकडे बघू लागले. जयप्रकाशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "जयराम, तुझी बहीण यायचीय ना? दार उघडणारे आम्हीच आहोत हो. तिची काळजी माझ्यावर सोड."

मी जयरामच्या मांडीवर होते. बोल रे बाबा, मी मनात म्हणत होते, खरं ते बोल! पण भिडस्त माणूस तो. त्याला बहीण हवी होती आणि भांडण नको होतं.

"वाद नको," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी ठरवू. तोवर मापाचं मी बघतो."

"आठ दिवस फार असतात, जयरामभाऊ," प्रभा सिस्टर म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मापाचं बघतो म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पहारेकऱ्यांची पायली त्याने शिगोशीग भरली. आणि सोळा सोळा माणसांच्या खोल्यांना मोजताना माझ्यावरून लाकडी पट्टी फिरवली. माझ्या जन्मात प्रथमच माझी शीग कुणी पाडली होती. बायका टोपात तांदूळ घेत होत्या, पट्टीकडे बघत होत्या. जयराम मान खाली घालून मोजत राहिला. आठ जणांना ढीग आणि सोळा जणांना सपाट! बहिणीसाठी तो रोज पहाऱ्याला असा नैवेद्य दाखवत होता, आणि नैवेद्याचं ताट मी होते.

पुढचा शुक्रवार उजाडला. पहाऱ्याचा तांदूळ न्यायला दत्तप्रसाद नावाचा नवा गडी आला. जयरामने मला भरलं, शीग चढवली आणि दोन्ही हातांनी मला उचलून त्याच्यापुढे धरलं.

"जयरामभाऊ, तुमचं नाव लई फेमस झालंय बरं का," दत्तप्रसाद हसत म्हणाला. "काल दुपारी एक बाई आलेली. पायात चप्पल नाही, अंगावर फुटका मणी नाही. म्हणते, माप मोजतो त्याची मी बहीण. हल्ली ज्याचा त्याचा भाऊ आत असतो! म्हटलं, हक्क नाही तर उद्या ये, उद्या सभा आहे."

"हनुवटीर तीळ होतो?" जयरामने विचारलं.

दत्तप्रसादचं हसू विझलं. "होता."

मी जयरामच्या हातातून सुटले. काल दुपारी तो रोटीच्या रांगेत उभा होता, चार गल्ल्या पलीकडे. जयप्रकाशने कबूल केलं होतं खरं, पण नव्या गड्याला सांगायचं तो विसरला होता. सांडलेल्या दाण्यांवरून जयराम अनवाणी धावत सुटला. संध्याकाळपर्यंत त्याने जलीबची गल्ली न् गल्ली पालथी घातली, चौकीवरच्या सैनिकांपुढेसुद्धा हात जोडले. मालन कुणी पाहिली नव्हती.

सभा झाली. विषय वाचायच्या आधीच जयरामचा हात वर गेला. मग डॉक्टरांचा, सिस्टरांचा, अब्बासचा. शेवटी जयप्रकाशनेही खालच्या मानेने हात वर केला. पाव पोतं एकमताने मंजूर! दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन जयराम स्वतः दाराशी बसला. नंतर त्या दारातून एकही बाई परत गेली नाही. पण मेलं त्याचा आता काय उपयोग?

बसगाड्या आल्या. जयरामने आपली जागा दुसऱ्याला दिली.

"चला हो भाऊ," प्रभा सिस्टर रडत म्हणाल्या. "इथे एकटे राहून काय करणार?"

"ती इली आणि दारात कोणच नसलो तर?" तो म्हणाला.

इमारत रिकामी झाली. हिवाळा आला, बॉम्ब पडले, फौजा पळाल्या. तेलविहिरींच्या धुराने भर दुपारी दिवे लावायची वेळ आली. जयराम इस्पितळं, छावण्या, याद्या धुंडाळत राहिला. १९९१ च्या उन्हाळ्यात मालनचे मालक परत आल्याचं कळलं, तसा तो जाब्रियाला गेला. मालकीणबाईंना वाटलं होतं, मुलगी भावाकडे सुखरूप असेल. त्यांनी कपाट उघडून पासपोर्ट त्याच्या हातात दिला आणि त्या भिंतीला टेकून रडल्या.

तो पासपोर्ट आता माझ्यात असतो. माझ्यात तांदूळ कुणी मोजत नाही. गावाहून आईचं पत्र येतं, मालन का लिहीत नाही म्हणून. जयराम ते वाचतो, घडी करतो आणि तेही माझ्यात ठेवतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू 'आम्हाला घासा, पुसा, जपा' म्हणून विनवतात. मी तसं काही मागत नाही. गंज चढला तर चढू दे. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या दाराची राखण करणाऱ्याला पोटभर वाढा, तो तुमच्यासाठी जीव धोक्यात घालतो. पण त्याच्यावर नजर ठेवणाराही नेमा, त्याचंही पान त्याच पंगतीत मांडा आणि ते आजच मांडा. आमच्या मालनला फक्त एका दिवसाचा उशीर भोवला, आणि तो उशीर तिने केला नव्हता.