राहून गेलेली नळी

दाढ कोरायच्या सुईसारख्या फाइलच्या टोकाला गुलाबी धागा गुंडाळून आला... जुन्या रूट कॅनालचा मसाला. मोनिकाने तो कापसावर पुसला, पायाने पेडल दाबलं, फाइल पुन्हा गरगरत दाढेत उतरली. दाबायचं नाही, तिच्या कलाने घ्यायचं – हात सवयीने चालले होते, मन मात्र ठिकाणावर नव्हतं.

कासुर्डीच्या सारजाबाई खुर्चीत आडव्या. तोंडावर रबराचा पडदा, म्हणजे बोलणं बंद. पण सांगायचं ते त्यांनी मघाशीच सांगून टाकलं होतं.

"सात वर्सं झाली, शिरूरला लेकीकडं व्हते तवा भरली ही दाढ. मास्कवाली पोरगी व्हती, हात लई हलका. मागनं ठणकाया लागली तवा म्हनली, मिश्री लावता ना, म्हणून दुखतंय. तवापासनं मिश्रीला शिवले न्हाई बगा. चूक माझीच व्हती, डॉक्टरीणबाई."

शिरूर, सात वर्षांपूर्वी... ती मीच. डिग्री मिळून चार महिने झालेले, बाहेर बाक भरलेला, दाढेच्या मुळांतल्या तीन नळ्या सापडल्यावर चौथी शोधायचा कंटाळा – हो, कंटाळाच, घाईचं नाव कशाला? बाई दुखणं घेऊन परत आली तेव्हा एक्सरेसुद्धा काढला नाही. मिश्रीवर खापर फोडून मोकळी झाले. मिश्री सुटली ते बरंच की, असं आता मनाशी म्हणून पाहिलं, पण ते काही पटेना. सारजाबाई टक लावून वर बघत होत्या. दिव्याकडेच बघत असतील. पण चोराच्या मनात चांदणं.

तीन नळ्या रिकाम्या झाल्या. भिंगातून तळाशी चौथीचं टिंब दिसलं, कुणी हातही न लावलेलं. बारीक फाइल तिथे सहज शिरली, इतकी सहज, की मोनिकाला स्वतःची चीड आली. सात वर्षं ही बाई एकाच बाजूने भाकरी चावत होती.

औषध घालून, तात्पुरतं सिमेंट भरून तिने पडदा काढला. सारजाबाईंनी चूळ भरली.

"घावलं का काय?"

"सापडलं, मावशी. एक नळी भरायचीच राहिली होती. या दुखण्याशी मिश्रीचा संबंध नव्हता."

"आगं बया!" त्या चक्क हसल्या. "नवी असंल बिचारी. चुकतंच की मानूस."

ती मीच, मावशी – एवढंच म्हणायचं होतं. इतका वेळ मोनिकाला भीती होती, की बाई संतापतील, कासुर्डीपासून दौंडपर्यंत तिची अब्रू जाईल... आता कळलं, तसलं काही होणार नाही. त्या तिथल्या तिथे माफ करतील, वर तिच्याच गालावरून हात फिरवतील. आणि त्या हाताचीच तिला धास्ती वाटू लागली.