आतल्या आत उपाशी

स्वराज गेला तेव्हा साडेआठ महिन्यांचा होता. मळ्यात कोबीची गाडी भरायला येणारी माणसंसुद्धा त्याचे गाल ओढून जायची, इतका गुटगुटीत. त्यामुळे त्याच्या जाण्याला काहीतरी कारण हवं होतं, आणि सखुबाईनं ते सुनेत शोधलं. "दिसायला भरलेला होता, पण आईचं दूधच पातळ," असं ती शेजारच्या फुलाबाईला म्हणाली, बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांना म्हणाली, आणि आरोहीच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं घरातही म्हणाली. आरोही उलटून कधी बोलली नाही. चार वर्षं झाली त्याला.

मग सृष्टी झाली. दहाव्या महिन्यात तिला ताप आला, उलट्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी हलवली तरी डोळे उघडेना. आरोहीच्या नवऱ्यानं, संतोषनं, गाडी काढली; सखुबाईही सोबत बसली. नाशकातल्या दवाखान्यात पोचल्यावर बोटाला सुई टोचली, तर रक्तातली साखर नावापुरतीच उरलेली. सलाईन लावलं, तासाभरानं ती रडली.

पोट तपासताना डॉक्टरीणबाईंचा हात उजव्या बरगडीखाली थांबला. लिव्हर मोठं लागत होतं. "आधीचं मूल होतं का?" त्यांनी विचारलं.

आरोहीनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. स्वराजच्या पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट. तो तिनं जपून ठेवलाय, हे सखुबाईला तेव्हाच कळलं. बाईंनी तो दोनदा वाचला. लिव्हर पिवळं, पेशींमध्ये चरबीचे असंख्य बारीक थेंब, असं त्यात लिहिलं होतं. चार वर्षांत कुणी त्याचा अर्थ विचारला नव्हता.

सृष्टीचं रक्त मुंबईला पाठवलं. आठवड्यानं उत्तर आलं तेव्हा बाईंनी तिघांनाही समोर बसवलं.

"आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत चरबीचे थेंब असतात," त्या म्हणाल्या. "घरात धान्याची कणगी भरून ठेवतो तसे. पोटात अन्न असलं की पेशी चरबी साठवते, पोट रिकामं राहिलं की तीच काढून जाळते. रात्रभर आपण जेवत नाही तरी सकाळी उठतो, ते त्याच्यावर. हिच्या शरीरात ती चरबी जाळणारं एक एन्झाइमच नाही. कणगी भरलेली आहे, पण दळायला जातं नाही. चरबी लिव्हरमध्ये साचत जाते, आणि साखर संपली की मूल आतल्या आत उपाशी पडतं. स्वराजलाही बहुतेक हेच होतं."

"पण तो तर रडला नाय," सखुबाई म्हणाली. "भूक लागली असती तर रडला असता ना?"

"रडत नाहीत अशी मुलं. गुंगीत जातात. बघणाऱ्याला वाटतं, झोपलंय."

सखुबाईनं पदर तोंडाशी धरला.

स्वराज गेला त्याच्या आदल्या दिवशी त्यालाही ताप होता. संध्याकाळी उलटी झाली आणि मग कुठं डोळा लागला. आरोही त्याला पाजण्यासाठी उठवायला निघाली, तेव्हा सखुबाईनंच तिचा हात धरला होता. झोपलेल्या लेकराला उठवू नाय, भूक लागली की आपोआप रडंल, आम्ही काय पोरं वाढवली नाय का! सकाळी आरोहीच्या किंकाळीनं घर उठलं.

"आईच्या दुधाचं काही?" संतोषनं विचारलं.

"छे. तेच तर त्याला इतके महिने जगवत होतं. दोष एक आईकडून येतो, एक बापाकडून. दोघांनाही त्याचा त्रास नसतो, म्हणून कळत नाही."

आरोहीनं एकदाच मान वळवून सासूकडे पाहिलं.

सृष्टीला ठरल्या वेळी भरवायचं, मध्ये फार वेळ जाऊ द्यायचा नाही, ताप आला की थेट दवाखाना. मळ्यापासून दवाखाना लांब, म्हणून आरोहीनं दवाखान्याजवळ इंदिरानगरमध्ये दोन खोल्या भाड्यानं घ्यायला लावल्या. ती कपडे बांधत होती तेव्हा सखुबाई दारात येऊन उभी राहिली.

"आरोही, त्या दिवशी मी म्हणले होते…"

"माहितेय मला, आत्याबाई." आरोहीनं दुपट्याची घडी घातली. "पण आई मी होते. मी ऐकलं तुमचं."

यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सखुबाईला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती फुलाबाईकडे गेली. "दुधात काय खोट नव्हती गं. मी उगाच बोलले." फुलाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. "जाऊ दे आता, चार वर्षं झाली," एवढंच म्हणाली. बाजारातल्या बायकांनाही सखुबाईनं सांगून पाहिलं. त्यातल्या दोघींना तर ती गोष्ट आठवतही नव्हती.

आता दर गुरुवारी ती पालक, गिलके, कोथिंबीर घेऊन बसनं इंदिरानगरला जाते. आरोही भाजी घेते, चहा करते, मळ्याची चौकशी करते. सृष्टी आजीच्या मांडीवर बसते, बांगड्या ओढते. बाळसं धरलंय पोरीनं. ते बघितलं की सखुबाईला स्वराजचे गाल आठवतात.

गेल्या गुरुवारी चहाचं आधण ठेवलं आणि बघते तर घरातली साखर संपलेली. दुकान जिन्याखालीच, पाच मिनिटांचं काम. सृष्टी आजीजवळ वाटी-चमचा वाजवत बसली होती. आरोहीनं पैसे घेतले, चप्पल घातली, परत आत आली, पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि जिना उतरली.

सखुबाई एकटीच खोलीत बसून राहिली. चहाचं आधण उकळून आटायला लागलं, तशी तिनं उठून गॅस बंद केला.