दोन कॅमेरे आणि हंसावहिनीचा निकाल

माझा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा आहे आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा बरोबरच्या शिक्षकांनी दिला. पर्समध्ये चष्म्याच्या घरापाशी राहतो. एक बटण दाबलं की भिंग कुर्रर्र करत बाहेर येतं, दुसरं दाबलं की फोटो निघतो. फोटो काढायला याहून जास्त काय लागतं, असं माझं मत, आणि माझी मतं मी मनात ठेवत नाही हे सगळ्या आगाशीला माहीत आहे.

माझा भाचा हरेश नेमका उलटा. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी लग्नांचे फोटो काढतो, आणि यंदा त्याने मिररलेस कॅमेरा घेतला. त्याची पिशवी बघितली तर वाटावं, पोरगं परगावीच निघालंय. चार भिंगं, तीन बॅटऱ्या, पुसायला वेगळं फडकं, फुंकर मारायला रबरी फुगा. "आत्या, हा माणसाचा डोळा ओळखतो आणि स्वतःच फोकस धरतो," तो मला सांगत होता. मी म्हटलं, "मग तू कशाला जातोस लग्नाला? त्यालाच पाठव."

त्या रविवारी मी विरारहून बसने आगाशीला माहेरी आले होते. माहेर म्हणजे आता माझा भाऊ जयराम, त्याची बायको हंसावहिनी, हरेश आणि त्याची बायको रचना. अंगणात मांडवावर सुकेळी वाळत होती. राजेळी केळी पिकवून सोलायची, उन्हात घालायची, उन्हं उतरली की आत घ्यायची, सकाळी परत बाहेर, असं करत केळं आटून मधासारखं लालसर झालं की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून तिच्याच खोडाच्या सोपटाने, त्या सुक्या दोरीने, बांधायचं. आमच्याकडे हे सगळं वहिनीच्या हाती. कुठलं केळं उलटायचं, कुठलं अजून दोन उन्हं मागतंय, कुठलं बाजूला काढायचं, यात तिचा शब्द शेवटचा. जयरामदादासुद्धा मांडवाला हात लावण्याआधी तिला विचारतो.

रचनाला यंदा पुड्यांवर फोटोचं लेबल लावायचं होतं. हरेशने पिशवी उघडली. मांडवाभोवती प्रदक्षिणा सुरू झाल्या. ऊन कडक आहे, सावली काळी पडतेय, रचना जरा ती चादर धर, नाही, वर धर. बिचारीचे हात भरून आले. मला राहवेना. मी माझी वडी काढली, वाकले, आणि एका बटणात काम उरकलं.

"झालं," मी म्हटलं.

"आत्या, ते लेबलला नाही चालणार."

"का? केळी ओळखू येणार नाहीत का त्यात?"

"तसं नाही गं, डिटेल लागतं."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. तो चिडला. मग मीही चिडले. रचना हसून म्हणाली, "दोघांचे फोटो कुणालातरी दाखवा आणि संपवा." ओटीवर बसलेल्या जयरामदादाने तिथूनच निवाडा दिला, "हंसाला विचारा. सुकेळीचा रंग तिच्याएवढा कोनाला कळतो?"

वहिनी मांडवापाशी बसून केळी उलटत होती. हरेशनेही एक फोटो काढून आपला कॅमेरा तिच्या एका हातात दिला, मी माझा दुसऱ्या हातात. माझा फोटो मी आधी बघितलाही नव्हता. गरज काय? वहिनीने दोन्ही कॅमेरे डोळ्यांपुढे धरले, याच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"दोनी सारखेच," ती म्हणाली. "दोनी चांगले."

जयरामदादाला तर पर्वणीच मिळाली. "ऐका! यंत्रात काय नसते रे, हात असावा लागतो. ही शाळेत गेली नाय, पन बोलली कशी बघा." हरेशने हात जोडले, "जिंकलीस आत्या." रचना चहा टाकायला आत गेली. मी मानाने कॅमेरा परत घेतला आणि मग, पहिल्यांदाच, पडद्याकडे बघितलं.

अर्ध्या फोटोत माझा अंगठा होता. भिंगाच्या कडेला आलेला, गुलाबी, दुधीभोपळ्याएवढा अंगठा. उरलेल्या अर्ध्यात तीन केळी कशीबशी कोपऱ्यात उभी होती.

मी पटकन कॅमेरा बंद केला. खोटं कशाला बोलू, मला आधी हसू आलं आणि मग वहिनीबद्दल माया दाटून आली. भाच्यासमोर माझी फजिती होऊ नये म्हणून किती सहज झाकून घेतलं हिने! मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"वहिनी, लाज राखलीस हो माझी."

"कसली लाज?"

"तो अंगठा. हरेशला कळला असता तर वर्षभर चिडवलं असतं त्याने."

"कोनाचा अंगठा?" वहिनीने विचारलं.

ती थट्टा करत नव्हती. तिचं तोंड माझ्याकडे होतं, पण नजर माझ्या कानाच्या जरा मागे कुठेतरी होती.

मी कॅमेरा चालू केला आणि तिच्यापुढे धरला. "यात काय दिसतं तुला? खरं सांग."

तिचे हात चालूच होते, एक केळं उचलायचं, अंगठ्याने दाबायचं, नाकाशी न्यायचं, उलटं ठेवायचं. मग हळूच म्हणाली, "उजेड दिसते. पिवला पिवला काय तरी दिसते. वसू, कोनाला सांगू नकोस."

"अगं मोतीबिंदू असेल! सकाळी नेतात, दुपारी घरी सोडतात. विरारला गल्लोगल्ली डॉक्टर आहेत."

"माझ्या आयशीचा डोळा कापल्यावरच गेला. मी बघितलाय तो." तिने आवाज आणखी खाली आणला. "आनि ही पोरं चांगली हायत, म्हनून तर भीती वाटते. कळला की मला खुर्चीत बसवतील. आई, तू आराम कर. सुकेळी बंद. मग मी दिवसभर करू काय, सांग? मला हातानी सगळा कळते. बघ, चुकते काय कुठं?"

मी बघितलं. खरंच चुकत नव्हती. मऊ केळी एका बाजूला, घट्ट दुसऱ्या बाजूला. मला वाटलं, कशाला बोलायचं? चाललंय ते चालू दे. तिने मागितलं काय, तर माझं गप्प बसणं. आणि गप्प बसण्याची मला सवय नाही म्हणून तिची दिवसभराची सोबत हिरावून घेऊ?

तेवढ्यात तिने बाजूला ठेवलेल्या, बांधायला तयार असलेल्या केळ्यांकडे माझं लक्ष गेलं. काहींवर पांढरट पूड दिसत होती. चांगल्या सुकेळीवर कधीकधी तिचीच साखर अशी वर येते. पण मधे आभाळ आलं होतं, हवा दमट होती. मी चष्मा वर केला, खाली केला, केळं जवळ धरलं, लांब धरलं. मला सांगता येईना. माझ्या वडीने जवळून फोटो काढून बघितला, तर पांढरा धब्बा. साखर म्हणा, नाहीतर चुना म्हणा.

मग मला जे कधी करावं लागेल असं वाटलं नव्हतं ते करावं लागलं. मी हरेशकडे गेले. "तुझा कॅमेरा आण. जवळचं काढायचं भिंग लाव."

"का गं? हरलो ना मी?"

"बोलू नकोस. लाव."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि निमूट भिंग बदललं. केळ्यावर वाकला, श्वास धरला, एकच फोटो काढला आणि पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला. साखर नव्हती. बारीक बारीक केस उभे होते, कापसाच्या बोंडासारखे, आणि त्यांच्या मुळाशी हिरवट छटा.

"बुरशी," हरेश म्हणाला. "पण आईने तर ही निवडून ठेवलीत."

वहिनीने हात पुढे केला. "मला दे."

त्याने तो जड कॅमेरा तिच्या हातात ठेवला. तिने पडदा अगदी नाकापाशी नेला. पडद्याचा उजेड तिच्या गालावर पडला होता. केळ्याचं एक बोटभर अंग त्यात परातीएवढं झालेलं, आणि ते तेवढं मोठं होतं म्हणून तिला दिसलं. तिला दिसलं हे मला तिच्या ओठांवरून कळलं.

"ही माझ्या हातची?" तिने विचारलं.

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

नेमकी त्याच वेळी फाटकाशी रिक्षा थांबली. नंदाखाल गावची रोझलीन दरवर्षी आमच्याकडूनच सुकेळी नेते, तिच्या मुलीकडे, रिचेलकडे, कॅनडाला पाठवते. परवा कुणी तिकडे निघणार होतं, त्यांच्याबरोबर द्यायची होती. रचना आतून बांधून ठेवलेल्या पुड्यांची पिशवी घेऊन आलीच. ती सुकेळी याच खेपेतली, कालच वहिनीने बांधलेली.

"ये गं रोझलीन, चहा घेऊन जा," रचना म्हणाली आणि पिशवी पुढे केली.

खरं न बोलताही हे निभावलं असतं. मी पिशवी अडवून काहीतरी सांगितलं असतं, पुडे बदलायचेत, अजून एक ऊन हवंय. शिक्षिका होते मी, सबबी मला पाठ आहेत. मी तोंड उघडलंसुद्धा. पण वहिनी माझ्या आधी उठली होती. मांडवाच्या बांबूला धरून ती उभी राहिली.

"ती देऊ नकोस, रचना. पिशवी खाली ठेव."

"आई, काय झालं?"

"रोझलीन, यंदा माझ्याकडची सुकेळी तुला नाय. तिला बुरी लागलीय." ती थांबली नाही. "मी बांधली, मीच निवडली. मला बुरी दिसली नाय. माझे डोळे गेलेत."

रोझलीनने डोक्यावरचा पदर नीट केला. जयरामदादा ओटीवरून उतरला, अर्ध्यावर थांबला. मघाशी तिच्या ज्या बोलण्याचं त्याने एवढं कौतुक केलं होतं, त्याचा अर्थ आता त्याला लागत असावा. त्याच्याकडे बघवेना.

"कधीपासून?" हरेशने विचारलं. कॅमेरा अजून वहिनीच्याच हातात होता, तो त्याने अलगद काढून घेतला. "आई, मी रोज समोर असतो तुझ्या. कधीपासून दिसत नाही?"

वहिनीने त्याचा आवाज जिथून येत होता तिकडे तोंड वळवलं.

"दिवाळीपासून तुझा तोंड नीट बघितला नाय रे बाबू," ती म्हणाली. "आता ने मला डॉक्टरकडे. कापू दे काय कापायचा तो."

हरेशने तिला धरून खाली बसवलं, स्वतः तिथेच मातीत बसला आणि तिच्या मांडीत डोकं घालून लहान मुलासारखा रडला. मीही रडले. रचनाने पिशवी उचलली आणि एकेक पुडा सोडून केळीच्या बुंध्याशी असलेल्या खताच्या खड्ड्यात टाकायला सुरुवात केली.